‘पाळी जाऊ द्या, मग पाहू’

पौषातील दिल्लीची थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना तिचे वर्णन नको. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही दहाबारा मराठी स्त्रिया एका सरकारी वसाहतीतील घरात जमलो होतो. हीटर चालू होता, आणि तरीही प्रत्येकीने शाल घट्ट लपेटली होती. त्यांतील सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या एक बाई एकाएकी उठल्या, अंगातला स्वेटर काढून ठेवला आणि गॅलरीचे दार उघडून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा कपाळावरचे कुंकू घामाने ओघळले होते. कोणी काही विचारले नाही; कारण सर्वांना ठाऊक होते. तिळगूळ वाटून झाल्यावर त्यांनीच हळू आवाजात सांगितले की, दीड वर्ष हे असेच चालले आहे, रात्री तीनतीनदा उठून कपडे बदलावे लागतात, आणि डॉक्टर म्हणतात, ‘‘पाळी अजून चालू आहे ना? मग ती जाऊ द्या, मग पाहू.’’ यावर एकीने मान डोलावली. ‘‘मलाही हेच सांगितले होते.’’ दुसरी म्हणाली, ‘‘मलाही.’’

त्या एका वाक्याविरुद्ध हा लेख आहे. ‘पाळी जाऊ द्या, मग पाहू’ हा सल्ला ऐकावयास सौम्य आणि शहाणपणाचा वाटतो. वस्तुतः तो वैद्यकाच्या दृष्टीने चुकीचा, हिशेबाच्या दृष्टीने फसवा आणि माणुसकीच्या दृष्टीने निष्ठुर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी डॉक्टर नाही. केंद्र सरकारच्या एका कार्यालयातील कारकून आहे. परंतु कागद नीट वाचणे, आकडा कोणत्या रकान्यातला आहे हे पाहणे, आणि ‘प्रकरण विचाराधीन आहे’ या शेऱ्यामागे काय दडलेले असते ते ओळखणे, एवढे या नोकरीने मला शिकविले आहे. तेवढ्याच भांडवलावर हे लिहीत आहे.

लिहिण्यास निमित्तही एक कागदच झाला. मी आस्थापना शाखेत काम करते. काही काळापूर्वी माझ्या टेबलावर स्वेच्छानिवृत्तीची एक नोटीस आली. वीस वर्षांची सेवा पूर्ण झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन नोकरी सोडता येते, हे वाचकांपैकी बहुतेकांना माहीत आहे. अर्जात कारण लिहिले होते, ‘कौटुंबिक अडचणी’. अर्ज आमच्याच कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकारी स्त्रीचा होता. मी त्यांना ताई म्हणते. वय एकोणपन्नास. नियम तोंडपाठ, मसुदा असा की वरिष्ठांना त्यात स्वल्पविरामही बदलावा लागू नये. परंतु गेली चार वर्षे त्यांना सलग झोप नव्हती. पाळी कधी दोन महिने येत नसे, आली की पंधरा दिवस थांबत नसे. बैठकीत बोलताबोलता नेमका शब्द आठवेनासा होई. एकदा टिपणीत रद्द झालेल्या परिपत्रकाचा हवाला दिला गेला आणि चारचौघांत विचारणा झाली. त्या दिवसापासून त्यांनी धसकाच घेतला. कुटुंबात त्यांना कसलीही अडचण नव्हती. या चार वर्षांत त्या तीन डॉक्टरांकडे गेल्या होत्या. एकाने लोहाच्या गोळ्या दिल्या, एकाने झोपेच्या दिल्या, एकाने योगासने सांगितली. आणि तिघांनीही निरोप देताना तेच वाक्य उच्चारले.

आता या वाक्याची छाननी करू. ‘पाळी जाणे’ ही घटना कोणत्या दिवशी घडते? वैद्यकाची व्याख्या अशी की, शेवटच्या पाळीनंतर सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली. अर्थात ही तारीख मागे वळून पाहूनच लावता येते. शेवटची पाळी शेवटची होती, हे वर्ष उलटल्यावरच कळते. त्रास मात्र त्या तारखेसाठी थांबत नाही. तिच्या आधी काही वर्षांचा एक संक्रमणकाळ असतो. त्या काळात बीजांडकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन उतरत्या जिन्याने पायरीपायरीने खाली येत नाही. ते आज उसळते, उद्या कोसळते. अंगाची लाही, रात्रीचा घाम, उडालेली झोप, अकारण रडू, सांध्यांची ठणक, अतिरक्तस्राव, विसरभोळेपणा, हे सारे या चढउतारात सुरू होते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळिसाव्या-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. अमेरिकेतील स्त्रीची एक्कावन्नाव्या. यावरूनच ध्यानात येईल की आपल्याकडे हा संक्रमणकाळ चाळिशीच्या आरंभीच दार ठोठावू शकतो. बेचाळीस वर्षांच्या स्त्रीला ‘तुमचे अजून वय नाही’ असे सांगणारा मनुष्य परदेशी पुस्तकातील वय आपल्या बायकांना लावीत असतो.

‘थोडी कळ काढा, सहा महिन्यांत जाईल’ असेही सांगितले जाते. हे सहा महिने आले कोठून? अमेरिकेत स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अंगातून वाफा येण्याचा त्रास मध्यमानाने ७.४ वर्षे टिकतो, असे आढळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्यांना हा त्रास पाळी नियमित असतानाच किंवा ती नुकती बिघडू लागली असताना सुरू झाला, त्यांच्यात तो सर्वांत दीर्घकाळ, मध्यमानाने ११.८ वर्षांहून अधिक, राहिला. म्हणजे पाळी जाण्यापूर्वीच जिला त्रास होतो, तिचाच त्रास सर्वांत लांबण्याचा संभव; आणि नेमके तिलाच आपण थांबावयास सांगतो.

या सल्ल्याच्या पाठीशी दोन पक्ष उभे आहेत. पहिला पक्ष निसर्गाचा. ‘हा निसर्गक्रम आहे; आमच्या आईने, आजीने हे सोसले, त्यांनी कोठे औषधे घेतली?’ असा त्याचा युक्तिवाद. आईने व आजीने सोसले हे खरे. त्या बोलल्या नाहीत हेही खरे. पण न बोलणे म्हणजे त्रास नसणे, हे कोणी ठरविले? माझ्या आजीच्या ‘तापट स्वभावा’च्या गोष्टी आमच्या घरात अजून सांगतात. त्या सगळ्या तिच्या पंचेचाळीस ते पंचावन्न या वयातील आहेत, हे मला अलीकडे उमगले. राहता राहिला निसर्ग. चाळिशी उलटली की डोळ्यांची जवळचे पाहण्याची शक्ती मंदावते, हाही निसर्गक्रमच होय. आपल्या भाषेने तर त्या वयाचे नाव चष्म्यालाच देऊन टाकले आहे. एखाद्या अधिकाऱ्याला फाइलीवरची अक्षरे पुसट दिसू लागली म्हणजे तो त्याच आठवड्यात चाळिशी लावतो. त्याला कोणी म्हणत नाही की, दृष्टी पुरती जाऊ द्या, मग पाहू. निसर्गाचा एवढा आदर आपण केवळ स्त्रीच्या गर्भाशयापाशीच का राखतो, याचे उत्तर या पक्षाने द्यावे.

दुसरा पक्ष भीतीचा, आणि त्याची भीती सर्वस्वी निराधार नाही. म्हणून त्याला अधिक काळजीपूर्वक उत्तर दिले पाहिजे. संप्रेरक-उपचार, ज्याला डॉक्टर मंडळी एचआरटी म्हणतात, त्याने स्तनाचा कर्करोग होतो, असे हा पक्ष म्हणतो. या भीतीचा उगम जुलै २००२ मध्ये आहे. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली एक मोठी चाचणी त्या महिन्यात मध्येच थांबविण्यात आली. या स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची एकत्र गोळी आणि काहींना नुसती दिखाऊ गोळी दिली जात होती. औषध घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शेकडा २६ ने अधिक आढळले. हा आकडा जगभरच्या वृत्तपत्रांनी छापला, आणि देशोदेशींच्या लक्षावधी स्त्रियांनी औषध टाकून दिले.

परंतु आकडा वाचताना रकाना पाहावा, असे मी वर म्हटले. शेकडा २६ म्हणजे किती? दर दहा हजार स्त्रियांमागे दरसाल ३० च्या जागी ३८. आठ स्त्रिया जास्त. त्या आठ जणी कोणाच्या तरी आया-बहिणी आहेत. त्यांना मी क्षुल्लक लेखत नाही. परंतु ‘शेकडा २६’ ऐकून मनात उभे राहणारे चित्र आणि ‘दहा हजारांत आठ’ ऐकून उभे राहणारे चित्र एक नव्हे. त्याच चाचणीत नितंबाच्या हाडाचे अस्थिभंग औषध घेणाऱ्यांत कमी झाले, हे किती जणींना सांगितले गेले? गर्भाशय काढलेल्या ज्या १०,७३९ स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिले, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. त्यांची चाचणी २००४ साली थांबविली ती पक्षाघाताचे प्रमाण वाढल्यामुळे. आणि या दोन्ही चाचण्यांतील स्त्रियांचा अठरा वर्षे मागोवा घेऊन २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबात औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या स्त्रियांच्या एकूण मृत्युप्रमाणात फरक आढळला नाही.

सर्वांत महत्त्वाचा रकाना मात्र वयाचा आहे. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. पाळी जाऊन त्यांना दशकाहून अधिक काळ लोटला होता. हृदयविकार टळतो का, हे पाहण्यासाठी ती चाचणी योजिली होती. संक्रमणकाळात रात्रभर जागणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीने काय करावे, हा तिचा प्रश्नच नव्हता. पुढे याच चाचणीचे आकडे वयानुसार वेगळे करून पाहिले गेले, तेव्हा असा कल दिसला की हृदयाला होणारा अपाय मुख्यत्वे उशिरा आरंभ करणाऱ्यांत आहे. सबब, २००२ च्या कागदाने काही सिद्ध केलेच असेल, तर ते उशीर करण्याचे तोटे. आणि आमचे सावध सल्लागार त्याच कागदाच्या आधारे उशीर करावयास सांगत आले! पाळी जाऊ द्या, मग पुढे पाहू, मग साठी आली, आता धोका फार, आता नकोच. अशा रीतीने एका स्त्रीचे सारे प्रकरण निर्णयाविना दप्तरदाखल होते. प्रलंबित ठेवलेल्या फाइलीचाही निकाल लागतच असतो. फक्त त्याखाली कोणाची सही नसते.

येथे प्रामाणिकपणाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २०१९ साली जगभरच्या अनेक अभ्यासांचे एकत्र परिशीलन ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. पाश्चात्त्य देशांत पन्नासाव्या वर्षी आरंभ करून पाच वर्षे इस्ट्रोजेन व रोजचे प्रोजेस्टोजेन घेणाऱ्या दर ५० स्त्रियांमागे एकीला पुढील वीस वर्षांत जादा कर्करोग होतो. प्रोजेस्टोजेन महिन्यातील काही दिवसच घेतल्यास दर ७० मागे एकीला. केवळ इस्ट्रोजेन घेतल्यास दर २०० मागे एकीला. असा त्याचा निष्कर्ष आहे. भारतात या रोगाचे मूळ प्रमाणच पाश्चात्त्य देशांहून कमी आहे. तरी धोका शून्य नाही, आणि वर्षे वाढतील तसा तो वाढतो. हे स्त्रीला सांगितलेच पाहिजे. माझे भांडण धोका सांगणाऱ्याशी नाही; धोक्याचे नाव घेऊन संभाषणच बंद करणाऱ्याशी आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर २००३ पासून छापला जाणारा काळ्या चौकटीतील इशारा बराचसा काढून टाकण्याची प्रक्रिया नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केली. त्या निर्णयावर तज्ज्ञांत दुमत आहे, आणि ते असावे. पण वीस वर्षांहून अधिक काळ एक भीती छापील स्वरूपात वावरली आणि अखेर छापणाऱ्यालाच ती सौम्य करावी लागली, यावरून आपण काही बोध घेणार की नाही?

मग आरंभ करावा तरी कधी? माझे उत्तर असे. पाळी गेली की नाही, हा प्रश्न विचारूच नये. त्रास स्त्रीची झोप, तिचे काम व तिचे घरातील वागणे मोडू लागला आहे काय, हा विचारावा. उत्तर होकारार्थी असेल आणि औषध वर्ज्य ठरविणारे कारण नसेल, तर हीच वेळ होय. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ सालीच सांगून ठेवले आहे की, पंचेचाळिशीपुढील स्त्रीच्या बाबतीत संक्रमणकाळाचे निदान तिच्या लक्षणांवरून व पाळीच्या बदलावरून करावे. त्यासाठी संप्रेरकांची रक्ततपासणी आवश्यक नाही. कारण उघड आहे. जी गोष्ट आज एक आणि उद्या दुसरी असते, तिचे एका सकाळचे मोजमाप काय सांगणार? उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्ती संस्थेने २०२२ साली स्पष्ट म्हटले की, वय साठीच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील, आणि वर्ज्य कारण नसेल, तर त्रासदायक वाफांवर व हाडे ठिसूळ होण्यावर या उपचाराचा लाभ धोक्याहून अधिक आहे. ही मुदत उलटण्याची असते. तिचा आरंभ मात्र पाळी जाण्याच्या दिवसापासून होत नाही.

वर्ज्य कारणे कोणती, हेही सांगते. कारण अर्धी माहिती ही अज्ञानाहून घातक. जिला स्तनाचा कर्करोग झाला आहे, जिला पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, जिचे यकृत रोगग्रस्त आहे, जिच्या अंगावरून जाणाऱ्या रक्ताचे कारण अद्याप समजलेले नाही, तिने तज्ज्ञाने सांगितल्याविना या वाटेला जाऊ नये. पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या स्त्रीला गोळी चालत नाही. त्वचेवर चिकटवावयाची पट्टी किंवा चोळावयाचे जेल यांनी गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी तज्ज्ञाला त्या मार्गाचा विचार करता येतो. गर्भाशय असलेल्या स्त्रीने केवळ इस्ट्रोजेन कदापि घेऊ नये. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग टाळण्यासाठी सोबत प्रोजेस्टेरॉन हवेच, आणि पाळी चालू असेतो ते सामान्यतः महिन्यातील बारा ते चौदा दिवस देतात. या औषधाने गर्भधारणा टळत नाही, हे विसरून चालणार नाही. संक्रमणकाळात दिवस जाऊ शकतात. ज्यांना संप्रेरके चालत नाहीत त्यांच्यासाठी इतर औषधे आहेत, मानसोपचाराची एक पद्धतही उपयोगी ठरली आहे. दरवर्षी एकदा बसून पुन्हा विचार करावा, चालू ठेवावे की थांबवावे हे ठरवावे. यात अवघड ते काय आहे? रक्तदाबाच्या गोळीचा विचार याच रीतीने होतो.

माझ्या या प्रतिपादनाचा गैरफायदा घेण्यास एक तिसरा पक्ष टपलेला आहे, त्यालाही येथेच उत्तर दिलेले बरे. तो बाजाराचा पक्ष होय. १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने एक पुस्तक लिहून स्त्रीला संप्रेरकांच्या बळावर चिरतरुण राहण्याचे आमिष दाखविले. औषधकंपन्यांचा पैसा त्याच्यामागे होता, हे पुढे उघड झाले. १९७५ साली केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाचा कर्करोग वाढल्याचे आढळले. त्या लोभाची किंमत स्त्रियांनीच दिली. आज दिल्लीत, गुडगावात व नोएडात चाळिशीपुढील स्त्रियांसाठी तपासण्यांचे जुडगे विकले जाते, तारुण्य टिकविण्याची हमी दिली जाते. त्या दुकानदारीला माझा विरोध आहे. जिला त्रास नाही, तिने केवळ त्वचा तुकतुकीत राहावी किंवा पुढे हृदयविकार होऊ नये म्हणून हे औषध घेऊ नये. सर्व स्त्रियांनी ते घ्यावे, असे मी म्हणत नाही. प्रत्येक स्त्रीला त्याविषयी वेळेवर विचारले जावे, एवढेच म्हणते.

विचारले गेले नाही म्हणजे काय होते, हे पाहावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांची कहाणी २०१९ साली सर्व देशाने वाचली. नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, एक खाडा झाला तर मुकादम दंड लावतो. पाळीचा, अंगावरून जाण्याचा त्रास म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या बाईला सांगितले जाई, ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने चौकशी समिती नेमली. सुमारे ८२,००० स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,००० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पैकी कित्येक ऐन तिशी-चाळिशीतल्या. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले तर त्या बाईची रजोनिवृत्ती एका दिवसात होते. इतक्या तरुण वयात इस्ट्रोजेन गमावल्यास हाडे व हृदय दोहोंस धोका असतो, म्हणून अशा स्त्रीला, वर्ज्य कारण नसेल तर, निदान रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, असा आजच्या वैद्यकाचा दंडक आहे. फडावर परतलेल्या किती जणींना ती मिळाली असतील, याचा वाचकांनीच विचार करावा. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांवर नियंत्रण ठेवण्याविषयीच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला, तो याच दिल्लीत.

बीडची मजूर स्त्री आणि दिल्लीच्या सरकारी वसाहतीतील पदवीधर स्त्री यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही. एकीचा अवयव घाईने कापला जातो, दुसरीचा निर्णय आळसाने लांबविला जातो. दोहोंच्या मुळाशी एकच वृत्ती आहे: बाईच्या शरीराची तक्रार ही कामात येणारी कटकट होय, ती एक तर छाटावी, नाही तर ऐकूच नये. आणि ‘पिशवी काढा’ हा सल्ला फक्त उसाच्या फडातच दिला जातो, अशा भ्रमात आपण राहू नये. सुशिक्षित घरांतूनही तो ऐकू येतो.

परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींत ही गोष्ट अधिकच बिकट होते. आई, मावशी, आत्या दूर. ज्यांच्यापाशी संकोच न बाळगता बोलावे, अशी बाई शेजारी नाही. तीन-चार वर्षांनी बदली. नवे गाव, नवा दवाखाना, नवा डॉक्टर, आणि तो पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करून म्हणतो, ‘पुढे पाहू.’ पुढे पाहावयाच्या वेळी आपण भोपाळात किंवा गुवाहाटीत असतो. घरातील पुरुषाला पत्नीच्या बदललेल्या स्वभावाची तक्रार करता येते. तिच्याबरोबर डॉक्टरपुढे जाऊन बसणे मात्र त्याला अवघड वाटते. शासनाचीही तऱ्हा न्यारी. २००७ साली सनदी सेवेतील अधिकाऱ्यांच्या वार्षिक मूल्यमापनाच्या नव्या नमुन्यात स्त्रियांना मासिक पाळीचा इतिहास आणि शेवटच्या पाळीची तारीख भरावयास सांगण्यात आले होते. त्यावर गदारोळ झाला. महाराष्ट्रातील एका ज्येष्ठ सनदी अधिकारी महिलेनेही उघड नापसंती दर्शविली, आणि ते योग्यच झाले. तारीख विचारण्याची बुद्धी झाली; पण ‘बाई, आपणास झोप लागते का?’ असे त्या नमुन्यात विचारलेले माझ्या तरी वाचनात नाही.

हा विषय चारचौघांत बोलावयाचा नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना मी एक आठवण देते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेतो, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. ज्या भाषेत शंभर वर्षांपूर्वी हे धैर्य दाखविले गेले, त्या भाषेत आज एक अठ्ठेचाळीस वर्षांची पदवीधर स्त्री वाफांविषयी बोलताना दाराकडे पाहून आवाज खाली आणते, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

ताईंच्या अर्जाचे काय झाले, ते सांगून लेखणी ठेवते. नोटिशीची मुदत संपत आली असताना त्यांची एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंशी गाठ पडली. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतले, रक्तदाब, स्तन, गर्भाशय यांच्या तपासण्या केल्या, लाभ व धोका दोन्ही कागदावर मांडून दाखविले आणि म्हटले, ‘‘ठरवायचे तुम्ही आहे.’’ ताईंनी ठरविले. दीड-दोन महिन्यांत त्यांना सलग पाच तास झोप लागू लागली. परंतु तोवर त्यांची निवृत्ती मंजूर झाली होती. आदेशाचा मसुदा मीच केला होता, आणि त्यात ‘कौटुंबिक अडचणी’ हे शब्द मीच उतरवून घेतले होते. साठीपर्यंतची अकरा वर्षांची नोकरी व पदोन्नती गेली ती गेली. निरोपसमारंभानंतर जिन्यात त्या मला एवढेच म्हणाल्या, ‘‘चार वर्षांपूर्वी कोणी हे सांगितले असते, तर तुला हा कागद टाइप करावा लागला नसता.’’

मी आता अडतीस वर्षांची आहे. माझ्या वयाच्या, आणि माझ्याहून पाचदहा वर्षांनी मोठ्या भगिनी हे मासिक वाचतात. त्यांचे यजमानही वाचतात. त्यांना माझी एवढीच विनंती आहे. पुढल्या वेळी कोणी ‘पाळी जाऊ द्या, मग पाहू’ म्हणाले, तर खुर्चीवरून उठू नका. का थांबावयाचे, किती थांबावयाचे आणि थांबण्याने काय गमवावे लागेल, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. आमच्या कार्यालयात विलंब माफ करण्याचे अधिकार कोणाला ना कोणाला असतात. येथे ते कोणालाही नाहीत.